सोळाव्या अक्षवृत्तावरून पृथ्वीप्रदक्षिणा

घरातल्या संगणकावर विमान हाकीत साऱ्या पृथ्वीला वळसा घालण्याचा संकल्प आज कोणालाही सोडता येतो, आणि देशोदेशीचे पुष्कळ हौशी लोक तो सोडतातही. परंतु या संकल्पाविषयी जे बोलले व लिहिले जाते त्यात यंत्राची चर्चा आधी येते, विमानाची त्यानंतर, मार्गाची त्याहून नंतर, आणि वाऱ्याची बहुधा येतच नाही. मालवणच्या किनाऱ्यावर, जेथे शतकानुशतके गलबतांची रवानगी वाऱ्याचा रोख पाहूनच ठरत आली, तेथे बसून या प्रश्नाचा विचार करणाराने हा क्रम नेमका उलटा करावा असे माझे मत आहे. वारा कोठून कोठे वाहतो हे आधी पाहिले की दिशा ठरते. दिशेवरून ऋतू, ऋतूवरून उड्डाणाची उंची, उंचीवरून विमान आणि विमानावरून मुक्काम ठरत जातात. प्रस्तुत आढाव्यात या साऱ्या अंगांचा विचार याच क्रमाने केला असून, प्रस्थानाचे ठिकाण म्हणून वेंगुर्ले तालुक्यातील परुळे-चिपीचा विमानतळ धरला आहे.

हा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. जांभ्या दगडाच्या सड्यावर अडीच हजार मीटर लांबीची धावपट्टी, उत्तरेस कर्लीची खाडी आणि तिच्या मुखाशी देवबाग-तारकर्लीची वाळूची चिंचोळी पट्टी, तिच्यापलीकडे मालवण आणि कुरटे बेटावरचा, १६६४ साली ज्याच्या बांधकामास आरंभ झाला तो सिंधुदुर्ग, दक्षिणेस निवती, आणि समुद्रात वेंगुर्ल्याचे खडक, असा या स्थळाचा परिसर आहे. पश्चिमेकडे झेप घेतलेल्या विमानाखाली काही क्षणांत जमीन संपते. नियोजनाच्या दृष्टीने मात्र या स्थळाचा सर्वांत महत्त्वाचा तपशील त्याच्या अक्षांशात आहे: चिपी जवळजवळ तंतोतंत सोळा अंश उत्तरेवर आहे. रेखांश सुमारे साडेत्र्याहत्तर पूर्व. पृथ्वीच्या गोलावर त्याच्या अगदी विरुद्ध टोकाला काय येते हे पाहिले, तर दक्षिण पॅसिफिकमधील उघडा समुद्र येतो; तेथून दक्षिणेला ईस्टर बेट सुमारे साडेबाराशे किलोमीटर. म्हणजे या किनाऱ्यावरून निघून कोणत्याही बाजूने गेले तरी प्रवासाचा मध्य महासागरातच पडणार, ही गोष्ट प्रथमच मान्य करून पुढे जावे.

पृथ्वीप्रदक्षिणा कशास म्हणावे, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. सिम्युलेटरमध्ये उत्तर ध्रुवाभोवती पाच मिनिटांत एक चक्कर मारून सर्व रेखांश ओलांडता येतात, आणि त्या चक्करीस प्रदक्षिणा म्हणण्यास कोणी हरकत घेतली तर तिला उत्तर देण्यासाठी काही निश्चित व्याख्या हाती असावी लागते. आंतरराष्ट्रीय वैमानिकी महासंघाने विक्रमांसाठी ती करून ठेवली आहे: ज्या विमानतळावरून निघाले तेथेच परतावे, सर्व रेखावृत्ते ओलांडावी, आणि एकूण अंतर कर्कवृत्ताच्या लांबीपेक्षा, म्हणजे ३६,७८७.५५९ किलोमीटरपेक्षा, कमी नसावे. शिडाच्या नौकांसाठीची अट याहून कठोर आहे. त्यांना विषुववृत्त निदान दोनदा ओलांडावे लागते आणि २१,६०० सागरी मैल, म्हणजे सुमारे चाळीस हजार किलोमीटर, कापावे लागतात.

या दुसऱ्या अटीचा उल्लेख मी मुद्दाम करतो, कारण प्रदक्षिणेचे नियोजन कसे करावे याचा आपल्या भाषेच्या मुलखातला सर्वांत जवळचा आणि सर्वांत थोर धडा त्याच क्षेत्रातला आहे. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी मनात धरलेली ‘सागर परिक्रमा’ कमांडर दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघून १९ मे २०१० रोजी मुंबईसच पुरी केली, आणि एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांची ‘म्हादेई’ ही नौका आपल्या शेजारच्या गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली आणि केप टाउन असे चारच मुक्काम घेत ते पूर्वेकडे गेले. पूर्वेकडेच का, याचे उत्तर एका वाक्यात देता येते: दक्षिण गोलार्धात चाळीस अंशांच्या खाली पश्चिमेचे प्रचंड वारे बारमास वाहतात, आणि शिडाच्या नौकेला तेथे दुसरी दिशा नाही. नौका बांधण्यापासून दोंदे यांना जी काही वर्षे तयारीत घालवावी लागली, त्या तयारीचा पायाच मुळी वाऱ्याच्या या निर्णयावर उभा होता. पुढे २०१७-१८ साली ‘तारिणी’ घेऊन गोव्याहून निघालेल्या नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनीही तीच दिशा धरली.

हाच न्याय आता सोळाव्या अक्षवृत्ताला लावून पाहू. या वृत्ताची लांबी सुमारे ३८,५०० किलोमीटर भरते, म्हणजे महासंघाची अट ते जागच्या जागी पुरी करते. नकाशावर चिपीपासून पश्चिमेकडे बोट फिरवीत गेले, तर अरबी समुद्र संपताच येमेनचा किनारा लागतो, मग तांबडा समुद्र, एरिट्रिया, सुदानातील खार्टूमच्या थोडे उत्तरेकडून वाळवंट, चाड, नायजर, टिंबक्टूच्या दक्षिणेकडील नायजर नदीचे वळण, आणि अटलांटिकच्या काठी सेनेगलचे सेंट-लुई हे जुने बंदर, जे चिपीच्याच अक्षांशावर वसलेले आहे. याच सेंट-लुईहून मे १९३० मध्ये जाँ मेर्मोझ या फ्रेंच वैमानिकाने टपालाच्या थैल्या घेऊन सुमारे एकवीस तासांत ब्राझीलमधील नाताल गाठले होते. त्यापुढे केप व्हर्देची बेटे, महासागर, कॅरिबियनमधील ग्वादलूप, बेलीझ-ग्वातेमाला, मेक्सिकोचा तेव्हांतेपेक प्रांत. आणि मग पॅसिफिक, ज्यात या वृत्तापासून थोड्याच अंतरावर जॉन्स्टन हे एकाकी प्रवाळबेट तेवढे आहे, एके काळचा अमेरिकी लष्करी तळ, आज पक्ष्यांच्या स्वाधीन झालेला. पलीकडे मारियाना बेटे, लुझॉन, व्हिएतनाममधील दानांग, थायलंड, यंगूनच्या दक्षिणेचा प्रदेश, बंगालचा उपसागर, मच्छलीपट्टण, आणि तेलंगण-कर्नाटकाच्या पठारावरून सह्याद्री उतरून पुन्हा कोकण. भाताची खाचरे, नारळ, मासळी आणि मोसमी पावसाची वाट पाहणे ही लक्षणे या पट्ट्यात इतक्या ठिकाणी पुन्हा पुन्हा भेटतात, की मालवणच्या मुलाने आपल्या अक्षवृत्तावरचे शेजारी ओळखून घेणे हेच या प्रवासाचे एक पुरेसे प्रयोजन मानता येईल.

या पट्ट्यात वारा कसा आहे? उत्तर असे की, हिवाळ्यात तो जवळजवळ सर्वत्र पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून वाहतो. अरबी समुद्रावर ईशान्य मोसमी वारे, ज्यांच्या बळावर आपल्या किनाऱ्यावरील गलबते दिवाळीनंतर अरबस्तान व आफ्रिकेकडे जात; आफ्रिकेच्या साहेल प्रदेशावर सहाराची धूळ घेऊन येणारा हरमाटन; अटलांटिक व पॅसिफिकवर व्यापारी वारे; दक्षिण चिनी समुद्रावर आणि बंगालच्या उपसागरावर पुन्हा ईशान्य मोसमी. सृष्टीने ही सारी वाट पश्चिमेकडे उतरती करून ठेवली असता पूर्वेकडे निघणे म्हणजे प्रत्येक मजलेवर इंधनाचा दंड भरणे होय. येथे एक मर्यादा मात्र नीट लक्षात ठेवावी. हे वारे खालच्या थरातले आहेत. साधारण तीन हजार मीटरपर्यंत त्यांचा भरवसा धरावा. आठ-नऊ हजार मीटरवर गेले की हिवाळ्यात याच अक्षांशावर बहुधा पश्चिमेचे वारे भेटतात. म्हणून जेट विमानाने किंवा उंचावर उडणाऱ्या टर्बोप्रॉपने जावयाचे असेल, तर माझा युक्तिवाद उलटतो आणि पूर्वेची दिशा धरावी लागते. पश्चिमेकडे जाणाऱ्याने खालून, सावकाश, जमीन दिसेल अशा उंचीवरून जावे. आणि ज्याला भूगोल पाहावयाचा आहे त्याचे यात काहीच नुकसान नाही.

अशा उड्डाणास योग्य विमान कोणते, याबद्दल मतभेदास भरपूर जागा आहे. नवशिक्याच्या हाती बहुधा सेसना १७२ येते. ते ताशी सव्वादोनशे किलोमीटर जाते आणि एका भरणीत सुमारे ११८५ किलोमीटर पुरते. चिपीवर येऊ लागलेली प्रवासी विमाने एटीआर ७२ जातीची होती, आणि आपल्याच विमानतळावरचे ओळखीचे विमान घेण्याचा मोह स्वाभाविक आहे. पण त्याचाही पल्ला दीड हजार किलोमीटरच्या आसपासच संपतो. चिपीहून ओमानमधील सलालाह सरळ रेषेत २,०७५ किलोमीटर आहे. या दोन्ही विमानांना ती मजल जमणार नाही, त्यांना मुंबई, कराची, मस्कत अशी किनाऱ्याची वाट धरावी लागेल. तीही वाट वाईट नाही; कराची-मुंबई हा १५ ऑक्टोबर १९३२ चा जे. आर. डी. टाटांचा टपालमार्ग, जो आज राजकारणाने दुर्घट केला आहे, तो सिम्युलेटरमध्ये तरी उलट दिशेने खुला आहे. तरीही माझा कौल डीसी-३ या जुन्या विमानाला आहे. १९३५ साली प्रथम उडालेले, दोन पिस्टन इंजिनांचे, खालच्याच हवेत वावरणारे हे विमान सुमारे २,४०० किलोमीटर जाते, आणि पाठीशी ईशान्येचा वारा असता सलालाहला पोहोचून राखीव इंधन शिल्लक ठेवते. ताशी २८० किलोमीटर धरले, तर पुढे सांगितलेल्या सुमारे ४१,५०० किलोमीटरच्या मार्गाला दीडशे तासांच्या आतबाहेर वेळ लागतो. रोज संध्याकाळी दोन तास देणाऱ्या माणसाचा एक हिवाळा त्यात जातो, आणि तो जावा.

खरा पेच दोन महासागरांचा आहे. केप व्हर्देहून ग्वादलूप ४,१०० किलोमीटर. ही उडी डीसी-३ च्या आवाक्याबाहेरची. ती टाळण्यासाठी डाकारहून ब्राझीलच्या फर्नांडो दि नोरोन्या बेटावर (२,६४० किलोमीटर), तेथून नाताल, केयेन आणि मग ग्वादलूप अशी दक्षिणेची वळणवाट घ्यावी. तिच्यात विषुववृत्त दोनदा ओलांडले जाते आणि शिडाच्या नौकांची ती अटही आपोआप पाळली जाते, हा मला तरी मोठा लाभ वाटतो. पॅसिफिकमध्ये अशी पळवाट नाही. मेक्सिकोच्या तेव्हांतेपेक किनाऱ्यावरून सरळ हवाई बेटे सहा हजार किलोमीटरांहून दूर. म्हणून उत्तरेस सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरापर्यंत जाऊन तेथून होनोलुलू गाठावे, तरी ३,८५० किलोमीटर उरतातच आणि वाटेत एकही बेट नाही. होनोलुलू ते वेक जवळजवळ ३,७००, वेक ते ग्वाम २,४००, ग्वाम ते मनिला २,५७०. त्यानंतर दानांग, यंगून, विजयवाडा आणि चिपी हे सारे सोपे.

या लांब उड्यांसाठी सिम्युलेटरमध्ये ‘अमर्याद इंधन’ नावाची एक सोय असते. ती वापरू नये. खरे वैमानिक अशा वेळी आसने काढून त्या जागी जादा टाक्या बसवितात. १९६४ साली एकटीने पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली स्त्री जेरी मॉक हिने आपल्या लहानशा सेसना १८० मध्ये हेच केले होते आणि ग्वाम, वेक, होनोलुलू हाच मार्ग पूर्वाभिमुख उडून साडेएकोणतीस दिवसांत प्रदक्षिणा संपविली होती. आपणही जादा इंधन घ्यावे, पण त्याचे वजन प्रामाणिकपणे मांडावे, प्रवासी आणि सामान शून्य करावे, आणि जड विमान धावपट्टीवर किती लांब धावते ते सोसावे. ज्यांना हा खटाटोप नको त्यांच्यासाठी उत्तरेची वाट आहे: स्कॉटलंड, आइसलंड, ग्रीनलंड, कॅनडा अशा बाराशे-बाराशे किलोमीटरच्या पायऱ्या. मुंबईच्या आरोही पंडितने २०१९ साली ‘माही’ या हलक्या विमानातून अटलांटिक ओलांडला तो याच पायऱ्यांवरून. वाट सुरक्षित आहे यात शंका नाही. पण ती थंड प्रदेशाची वाट आहे, तेथे उन्हाळ्यात जावे लागते, आणि त्या दिवसांत आपल्याकडे पाऊस कोसळत असतो.

ऋतूचा हा मुद्दा टाळता येत नाही, विशेषतः खरे हवामान चालू ठेवून उडणाऱ्याला. मे २०२१ मधील तौक्ते वादळाने मालवण-देवगडच्या किनाऱ्याची जी दशा केली ती येथे कोणास सांगावी लागत नाही. अटलांटिकमधील चक्रीवादळांचा हंगाम ३० नोव्हेंबरला संपतो असे धरतात. पश्चिम पॅसिफिकची वादळेही तोपर्यंत ओसरू लागतात. तेव्हा डिसेंबरच्या आरंभी निघावे. निर्वेध मात्र हिवाळाही नाही: हरमाटनच्या धुळीने चाडमधील एनजामेना व नायजरमधील नियामे येथे धावपट्टी दिसेनाशी होते, आणि मेक्सिकोतील तेव्हांतेपेकच्या खिंडीतून उत्तरेचा वारा इतक्या वेगाने समुद्राकडे धावतो की सालिना क्रूझजवळ खालून उडणाऱ्याने त्या दिवसाचा हवामानाचा दाखला पाहिल्याशिवाय पाऊल टाकू नये.

साधनांविषयी थोडक्यात सांगतो. एडविन लिंकने १९२९ साली लाकडी पेटीत वैमानिकांना शिकविण्याचे यंत्र केले. ब्रूस आर्टविकच्या प्रोग्रॅमवरून मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर १९८२ साली आला. आणि ऑगस्ट २०२० च्या आवृत्तीने उपग्रहचित्रांवरून सारी पृथ्वी उभी केली. रूपाने तिला तोड नाही, आणि डीसी-३ ही तिच्यात नंतर समाविष्ट झाले. परंतु तिची पृथ्वी इंटरनेटवरून वाहत येते. किमान ५ आणि शिफारस म्हणून २० एमबीपीएसचा वेग ती मागते. ज्या गावात वादळी वाऱ्याने वीज आणि तिच्यामागोमाग इंटरनेट जाते, तेथे भूप्रदेश आपल्याच डिस्कवर साठवू देणारे एक्स-प्लेन किंवा मोफत मिळणारे फ्लाइटगिअर अधिक विश्वासू ठरतील. मार्ग आखण्यास लिटल नॅव्हमॅप हा मोफत प्रोग्रॅम पुरेसा आहे. तो अंतर, इंधन, वाऱ्याचा परिणाम आणि पर्यायी विमानतळ यांचा हिशेब एकत्र मांडतो. एवढे साहित्य असले की जॉयस्टिक साधी असली तरी चालते. घरच्या सिम्युलेटरवरचे तास वैमानिकाच्या परवान्यासाठी धरले जात नाहीत, हेही पालकांनी समजून असावे.

दप्तर ठेवण्याबाबत मात्र मी आग्रही आहे. १९२४ साली अमेरिकी लष्कराच्या चार विमानांनी पहिली हवाई प्रदक्षिणा आरंभिली. दोनच परत आली, १७५ दिवसांनी. त्या यशाचे श्रेय वैमानिकांइतकेच, आधीच निरनिराळ्या देशांत जाऊन इंधन, सुटे भाग आणि जादा इंजिने ठेवून आलेल्या अधिकाऱ्यांना आहे. कलकत्त्यास त्या विमानांचे तरंडे काढून चाके बसविली गेली ती अशा आगाऊ बंदोबस्ताच्या जोरावर. आपल्यालाही प्रत्येक मजलेचा कागद उड्डाणापूर्वी तयार असावा: अंतर, वारा, लागणारे इंधन, उतरणे अशक्य झाल्यास दुसरा विमानतळ, आणि त्यावर निदान पाऊण तासाचे राखीव इंधन. एक मजल तरी उपग्रहाधारित दिशादर्शन बंद करून, होकायंत्र, घड्याळ आणि वेग एवढ्यांवर उडावी. होनोलुलूहून वेककडे जाताना दिशेत एका अंशाची चूक राहिली तर शेवटी विमान बेटापासून ६५ किलोमीटर बाजूला निघते, आणि वेक एका दृष्टिक्षेपात मावणारे बेट आहे. अमेलिया एअरहार्ट २ जुलै १९३७ रोजी हाउलंड बेटाच्या शोधात कशी नाहीशी झाली असेल, हे या एका मजलेवर जितके उमजते तितके पुस्तकाने उमजत नाही.

वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा लागते. पश्चिमेकडे जाणाऱ्याचा एक वार तेथे गळतो. जुलै १५२२ मध्ये मॅगेलनच्या सफरीतून परतणारी ‘व्हिक्टोरिया’ केप व्हर्देला लागली तेव्हा खलाशांच्या वहीत बुधवार होता आणि बेटावर गुरुवार. आपल्या दप्तरातही तो फरक दिसू द्यावा. आणि खार्टूमला उतरताना एवढे ध्यानात असावे की पडद्यावर शांत दिसणारा तो विमानतळ एप्रिल २०२३ मध्ये युद्धाच्या पहिल्याच दिवसांत जळत होता. सिम्युलेटरच्या पृथ्वीवर परवाने, सरहद्दी आणि युद्धे नाहीत; हा तिचा सर्वांत मोठा उणेपणा आहे, आणि तो भरून काढण्याची जबाबदारी नियोजकावर पडते. प्रत्येक मुक्कामी उतरण्यापूर्वी त्या देशाचे आजचे वर्तमान एकदा वाचून घ्यावे. खार्टूम गाळून पुढे जाणे मला पटत नाही.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील शाळांच्या संगणककक्षांत हा प्रवास एका वर्गाने मिळून करावा, एकाने उडवावे, दुसऱ्याने इंधनाचा जमाखर्च ठेवावा, तिसऱ्याने हवामान पाहावे, अशी माझी शिक्षकांना विनंती आहे. फ्लाइटगिअर आणि लिटल नॅव्हमॅप यांना पैसा पडत नाही. पहिली मजल चिपी ते सलालाह, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, उजाडताच निघून, तीन हजार मीटरच्या खाली. सुमारे साडेसात तासांचे उड्डाण आहे. चार संध्याकाळींत पुरे होईल.